गरुडांचं थडगं: नाव फसलं, नोंद टिकली

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या साउथ रोनाल्डसे या शेतीवाडीच्या बेटावर, समुद्राच्या कड्याशी, एक पाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं आहे. अभ्यासक त्याला शेजारच्या शेताच्या नावावरून 'इस्बिस्टर' म्हणतात. बाकी जग त्याला 'टूम ऑफ द ईगल्स', म्हणजे गरुडांचं थडगं म्हणून ओळखतं. हे नाव रुजवलं १९८४ मध्ये आलेल्या जॉन हेजेस यांच्या त्याच नावाच्या पुस्तकानं. आज मला त्या पुस्तकाबद्दल तुमच्याशी बोलायचंय. चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आत्ता का? कारण त्यातली मुख्य गोष्ट पुढे टिकली नाही, आणि ती का टिकली नाही हे समजलं की जुन्या जागांबद्दलचं काहीही वाचताना, बघताना, अगदी रील स्क्रोल करतानासुद्धा तुम्ही काय विचारायला हवं हे कळतं.

आधी शब्दांचं बघू. आपल्याकडे गावाशेजारचं मातीचं टेकाड म्हटलं की 'पांढर' आठवते. जुन्या वस्तीच्या मातीचे थर साचून झालेली, खापरांनी भरलेली जागा. इस्बिस्टरचं टेकाड तसं नाही. ते मुद्दाम रचलेलं आहे: आत दगडी बांधकामाची लांबट खोली, तिच्या भिंतींना काटकोनात उभे दगड लावून केलेले कप्पे, बाजूला छोट्या कोठड्या, आणि हे सगळं झाकणारा दगडमातीचा ढीग. आत जायला सुमारे तीन मीटर लांबीचा बोळ, इतका ठेंगणा की रांगत जावं लागतं. ऑर्कनीचा दगड सपाट लाद्यांसारखा फुटतो. त्यामुळे चुना न वापरता, नुसत्या लाद्या एकावर एक रचून तिथल्या नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी मृतांसाठी अशी डझनावारी घरं बांधली. त्यांच्या जिवंत माणसांची घरंही दगडाचीच होती. स्कारा ब्रे हे नाव तुम्ही ऐकलं असेल.

इस्बिस्टरचा शोध लागला १९५८ मध्ये. रॉनी सिमिसन नावाच्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीत रचलेल्या दगडांची ओळ उघडी पडलेली दिसली. त्यानं तिथे खणलं आणि घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारं हाती लागली. नंतर आणखी खणल्यावर एक अंधारी पोकळी दिसली. खिशातला सिगारेटचा लायटर पेटवून त्यानं आत डोकावलं, तर समोर सुमारे तीस माणसांच्या कवट्या. सरकारी पुरातत्त्वज्ञ आले, थोडं खोदून गेले, आणि मग अठरा वर्षं काहीच झालं नाही. शेवटी १९७६ मध्ये सिमिसननं स्वतःच खोदायला घेतलं. त्याआधी त्याच्याच जमिनीवरच्या एका कांस्ययुगीन जागेचं उत्खनन हेजेस यांनी केलं होतं, त्यामुळे दोघांची ओळख होती. इस्बिस्टरमधून जे निघालं त्याचा अभ्यास करून घ्यायची आणि लिहून काढायची जबाबदारी हेजेस यांनी घेतली.

आता जरा थांबून विचार करा. अशा टेकाडाची 'नोंद' करणं म्हणजे नेमकं काय? फोटो काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम कंटाळवाणं असतं. एक पक्का बिंदू ठरवून सगळी मोजमापं त्याच्याशी बांधायची. जमिनीचा आराखडा प्रमाणात काढायचा. मातीच्या उभ्या कापाचं चित्र काढायचं, म्हणजे कुठला थर कशाच्या वर आहे ते दिसतं. प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा. आणि प्रत्येक हाड, प्रत्येक खापर ज्या पिशवीत जातं तिच्यावर तो क्रमांक लिहायचा. पुरातत्त्वातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठली असं मला कुणी विचारलं तर मी सोन्याचा दागिना सांगणार नाही, पिशवीवरचं लेबल सांगेन. माझं काम हाडांमधल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवर आहे. माझ्या टेबलावर येणारं हाड लेबलशिवाय आलं, तर त्यातून कितीही अचूक आकडा काढला तरी तो कशाबद्दल आहे हे मला सांगता येत नाही.

कारण उत्खनन ही एकदाच करता येणारी गोष्ट आहे. प्रयोगशाळेतला प्रयोग चुकला तर पुन्हा करता येतो. टेकाड एकदा उपसलं की उपसलं. त्यानंतर उरतं ते कागदावर लिहिलेलं आणि पिशव्यांमध्ये भरलेलं. तेच पुढच्या सगळ्या पिढ्यांसाठी ते टेकाड असतं.

इस्बिस्टरमधून सुमारे सोळा हजार मानवी हाडं निघाली. त्यांच्यासोबत पक्ष्यांची ७२५ हाडं होती, आणि त्यातली बहुतेक एकाच पक्ष्याची: पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड. कोकण किनाऱ्यावर सुरूच्या झाडांवर घरटी करणारा आपला समुद्री गरुड त्याच्याच नात्यातला. पंख पसरले की दोन मीटरच्या वर जाणारा हा पक्षी. निदान आठ गरुड होते, कदाचित वीसपर्यंत.

हेजेस यांनी यावर दोन प्रकारचं लिखाण केलं. हा फरक लक्षात ठेवा, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. १९८३ मध्ये त्यांनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. तो रुक्ष आहे: माणसांची हाडं, पक्षी, प्राणी, मासे, मातीची भांडी यांची तज्ज्ञांनी केलेली तपासणी, तक्ते, कुठल्या कप्प्यात काय मिळालं त्याची मांडणी. तो फार कुणी वाचला नसणार. पुढच्याच वर्षी सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तक आलं, आणि ते पुष्कळांनी वाचलं.

पुस्तक चांगलं आहे, हे आधी सांगतो. एका मोठ्या कामात ते यशस्वी होतं: त्या हाडांना ते पुन्हा माणसं करतं. त्यांना सांधेदुखी होती, बायका-पुरुष दोघंही कष्टाची कामं करत होते, बहुतेक जण तरुणपणीच मरत होते, सरासरी वय विशीच्या आसपास. हे सगळं हेजेस अशा ओघात सांगतात की पाच हजार वर्षांचं अंतर कमी होतं. तज्ज्ञांनी आपापसात बोलण्यापुरतं काम ठेवायचं नाही, ज्यांच्या शेतात हे सापडलं त्यांनाही कळेल असं लिहायचं, हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटतो. आपल्यापैकी संशोधनात असलेल्या किती जणांनी स्वतःचा प्रबंध घरच्यांना समजेल असा एकदा तरी लिहिलाय, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं.

पण मग गरुड येतात. हेजेस म्हणतात की गरुड हे या लोकांचं टोटेम होतं. म्हणजे आपल्या भाषेत, देवक. शेजारच्या इतर थडग्यांकडेही ते याच नजरेनं बघतात. कुवीन नावाच्या थडग्यात कुत्र्यांच्या चोवीस कवट्या मिळाल्या होत्या, मग तिथल्या लोकांचं देवक कुत्रा. दुसरीकडे हरणांची हाडं जास्त, तर तिथे हरीण. बघता बघता ऑर्कनीचा नकाशा टोळ्यांमध्ये वाटला जातो: गरुडवाले, कुत्रेवाले, हरीणवाले. वाचायला हे फार छान वाटतं. आणि एकदा शीर्षकातच गरुड आले की वाचकाला दुसरं काही सुचत नाही.

आता कालमापनाकडे येऊ. थडगं बांधलं गेलं साधारण इ.स.पू. ३००० च्या सुमारास. पुस्तक आलं तेव्हा कार्बन-१४ पद्धतीनं काळ ठरवायला हाडाचा मोठा तुकडा जाळावा लागायचा, म्हणून मोजक्याच नमुन्यांवर काम भागवलं जायचं. पुढे तंत्र बदललं आणि ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी हाड पुरेसं झालं. २००६ मध्ये गरुडांच्या हाडांच्या तारखा प्रसिद्ध झाल्या. ते गरुड इ.स.पू. २४५० ते २०५० या काळात मेले होते. म्हणजे थडगं बांधल्यानंतर पाचशे ते हजार वर्षांनी.

हे अंतर किती मोठं आहे याचा अंदाज घ्यायला अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. शिलालेखाप्रमाणे ते शके ९८२ मधलं, म्हणजे १०६० सालचं. समजा, आज तिथे जाऊन तुम्ही गाभाऱ्यापाशी काही ठेवून आलात. चार हजार वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला मंदिराचे दगड आणि तुमची वस्तू एकत्र मिळाली, आणि त्यानं लिहिलं की 'हे मंदिर बांधणाऱ्या लोकांची ही खूण होती'. तुमचं त्या मंदिराशी नातं नाही असं नव्हे. नातं आहेच. पण ते बांधणाऱ्याचं नातं नाही, मागून आलेल्याचं आहे. आणि या दोन नात्यांची गोष्ट वेगवेगळी असते.

माझ्या क्षेत्रातला एक तांत्रिक मुद्दा इथे सांगायला हवा. समुद्रातलं अन्न खाणाऱ्या प्राण्यांच्या हाडात समुद्राच्या पाण्यातला जुना कार्बन उतरतो, त्यामुळे त्यांची तारीख खऱ्यापेक्षा काही शतकं जुनी दिसू शकते. समुद्री गरुड मासे आणि समुद्रपक्षी खातो, म्हणून शंका येणं साहजिक आहे. पण या दुरुस्तीची दिशा बघा. ती लावली की गरुड आणखी अलीकडे सरकतात, थडगं बांधणाऱ्यांच्या जवळ जात नाहीत. म्हणजे या वाटेनंही देवकाची कल्पना वाचत नाही. कुवीनच्या कुत्र्यांचंही तेच झालं. तेही त्या थडग्याच्या बांधकामानंतर पाचशेहून जास्त वर्षांनी आत ठेवलेले निघाले.

मग हेजेस यांचं चुकलं काय? 'त्यांच्याकडे तारखा नव्हत्या' एवढंच म्हणून त्यांना सोडता येत नाही, आणि तेवढ्यावरून त्यांना दोषही देता येत नाही. १९८४ मध्ये जे तंत्र हाताशी नव्हतं ते त्यांनी का वापरलं नाही असं विचारणं अन्यायाचं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ती दोन उड्यांबद्दल आहे. त्या पुस्तकानं घेतल्या, पण उडी घेतोय असं वाचकाला जाणवू दिलं नाही.

पहिली उडी: एकाच खोलीत सापडलं म्हणजे एकाच काळचं. हे थडगं कित्येक शतकं उघडं होतं, लोक आत जात-येत होते, जुनी हाडं सरकवून नवी ठेवत होते, हे तर पुस्तकच सांगतं. मग आत आलेली प्रत्येक गोष्ट त्याच लोकांची असेल हे गृहीत का धरायचं? ही शंका घ्यायला नवं यंत्र लागत नव्हतं.

दुसरी उडी: थडग्यात सापडलं म्हणजे देवक. इथे आपल्याला, मराठी वाचकांना, इंग्रज वाचकापेक्षा थोडं जास्त दिसायला हवं, कारण देवक ही गोष्ट आपल्याकडे अजून जिवंत आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसतं. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं मोराचं पीस. ते मांडवात असतं, देवघरात असतं. मृताबरोबर ते पुरायची किंवा जाळायची रीत तुम्ही ऐकलीय का? उद्या कुणी फक्त आपली स्मशानं अभ्यासली, तर आपल्याला देवक असतं हे त्याला कधीच कळणार नाही. उलट भलत्याच एखाद्या वस्तूला तो आपलं देवक ठरवेल. ऑर्कनीत तसंच होत होतं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मृतांशेजारचा प्राणी आणि कुळाची खूण यांच्यात सरळ रेषा काढता येत नाही, आणि पुस्तक ती सरळ काढतं.

गंमत अशी की तारखा आल्यावर प्रश्न जास्त रंगतदार झालाय. पाचशे-हजार वर्षांनंतरही कुणाला तरी त्या जुन्या थडग्याबद्दल माहीत होतं, त्यात शिरावंसं वाटत होतं. त्या लोकांची भांडी, त्यांची पुरण्याची पद्धत बदललेली असणार. 'आपले पूर्वज' म्हणून ते आत गेले का? की 'कुणाचं तरी जुनं, भारलेलं ठिकाण' म्हणून? 'गरुडवाली टोळी' या उत्तरानं हा प्रश्न विचारायच्या आधीच बंद करून टाकला होता.

आणि हा प्रश्न आपल्याला पुन्हा उघडता आला तो कशामुळे? त्याच उत्खननाच्या नोंदीमुळे. अठरा वर्षं वाट बघून कंटाळलेल्या शेतकऱ्यानं हाडं फेकली नाहीत. पक्ष्यांची हाडं 'किरकोळ' म्हणून बाजूला सारली गेली नाहीत. ती मोजली गेली, ओळखली गेली, छापली गेली, जपली गेली. स्वतःच्या लाडक्या गोष्टीला खोटं ठरवायला लागणारं सगळं सामान हेजेस यांच्या अहवालानं पुढच्यांसाठी ठेवलं होतं. अहवालाचं मोठेपण मला यातच दिसतं. चांगली नोंद ती, जी लिहिणाऱ्याच्या मतापेक्षा जास्त दिवस जगते.

याची उलट बाजू बघायला फार लांब जायला नको. ऑर्कनीच्याच मुख्य बेटावर मेशौ नावाचं भव्य थडगं आहे, आज जागतिक वारसा यादीत असलेलं. १८६१ मध्ये जेम्स फॅरर यांनी ते वरून फोडलं. आतल्या भिंतींवर बाराव्या शतकातल्या नॉर्स लोकांनी कोरलेले रून लिपीतले लेख मिळाले आणि सगळे हरखून गेले. लेखांच्या नकला झाल्या, विद्वानांना पाठवल्या गेल्या, पुस्तक निघालं. पण खोलीत भरलेली माती? ती उपसून टाकली गेली. माणसाच्या कवटीचा एक तुकडा आणि घोड्याची थोडी हाडं, एवढीच तिची आठवण उरली. ज्यांच्यासाठी हे थडगं बांधलं गेलं त्यांच्याबद्दल त्या मातीत काय होतं हे आता कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. फॅरर यांनी नोंद केलीच नाही असं नाही. त्यांनी जे आवडलं त्याची केली.

आपल्याकडेही याच काळात हेच चाललं होतं, आणि त्याचा स्कॉटलंडशी थेट धागा आहे. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नागपूरजवळच्या जुनापाणी इथली शिलावर्तुळं उकरली आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. तिथल्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे बघून त्याला स्कॉटलंडमधले तसेच खळगे आठवले, ज्यांवर जेम्स सिम्पसन यांचं पुस्तक १८६७ मध्ये आलं होतं. दोन्हीकडच्या लोकांचं काही नातं असावं असं त्यानं सुचवलं. दिसायला सारखं म्हणजे नात्यातलं: 'एका खोलीतलं म्हणजे एका काळचं' याचीच ही बहीण. विदर्भातली ही वर्तुळं लोहयुगातली, ऑर्कनीच्या थडग्यांहून दोन हजारांवर वर्षांनी अलीकडची. जुनापाणीच्या वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वस्तू पोचल्या, पण ज्या मातीतून त्या निघाल्या तिची आज आपल्याला हवी तशी थरवार नोंद त्या काळच्या पद्धतीत होतच नसे. त्याच नागपूर परिसरात माहूरझरीला १९७० ते ७२ मध्ये शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केलं. तिथे मृतांसोबत पुरलेले घोडे आणि घोड्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले, आणि ते कुठल्या वर्तुळात, कशाच्या शेजारी होते हे आपण आज वाचू शकतो. दोन्ही कामांमध्ये शंभर वर्षांचं अंतर आहे. ते कुदळीतलं अंतर नाही, वहीतलं आहे.

तुम्ही म्हणाल, आता तर लेझर स्कॅनिंग आहे, फोन फिरवला की त्रिमिती मॉडेल तयार होतं, मग हा प्रश्न संपला. मला तसं वाटत नाही. मेशौ आणि आसपासच्या स्मारकांचं लेझर स्कॅनिंग झालेलं आहे आणि ते अप्रतिम आहे. रोज झिजणाऱ्या, समुद्र खात असलेल्या किनाऱ्यावर ते गरजेचंही आहे. पण स्कॅन काय टिपतं? आज जे उभं आहे ते, मिलिमीटरपर्यंत. मेशौचं वरचं छत १८६१ च्या तोडफोडीनंतर नव्यानं घातलेलं आहे. स्कॅनमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीची लादी आणि ते नवं छत सारख्याच ठळकपणे, सारख्याच खात्रीनं दिसतात. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे यंत्र सांगत नाही. ते कुणीतरी समजून घेऊन लिहावं लागतं. मॉडेल जितकं देखणं, तितकं वाचकाला वाटतं की आता आणखी विचारण्यासारखं काही नाही. हेजेस यांच्या पुस्तकात शीर्षकानं जे केलं, तेच आज मॉडेल करू शकतं.

आकड्यांचंही तसंच आहे. इस्बिस्टरमध्ये सुमारे ३४० माणसं होती असं त्या वेळी मोजलं गेलं, आणि हा आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतोय. पण सोळा हजार सुट्या, मिसळलेल्या हाडांमधून माणसं मोजणं म्हणजे पत्त्यांचे अनेक फाटलेले जोड एकत्र ओतून किती जोड होते ते ठरवणं. मोजायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. ऑर्कनीच्याच क्वांटरनेस या थडग्यातल्या हाडांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा आधी १५७ धरलेली माणसांची संख्या बरीच खाली आली. इस्बिस्टरच्या कवट्यांच्या नव्या तपासणीत अनेकांवर मारहाणीच्या जखमांच्या खुणा मिळाल्या, काही भरून आलेल्या, काही न भरलेल्या. पहिल्या पुस्तकातल्या लोकांपेक्षा हे लोक थोडे वेगळे वाटायला लागतात ना? पण याही वेळी पुन्हा तपासता आलं ते हाडं होती म्हणूनच.

मग पुस्तक वाचायचं की नाही? जरूर वाचा. जुन्या बाजारात सहज मिळतं. माणसांबद्दलची प्रकरणं आजही मनाला भिडतात, आणि एका शेतकरी कुटुंबानं सरकारची वाट न बघता हे सगळं लोकांसमोर आणलं, शेतावरच छोटं संग्रहालय चालवलं, येणाऱ्याच्या हातात पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी हत्यार ठेवलं, याचं मोल कमी नाही. फक्त वाचताना एक पेन्सिल जवळ ठेवा. जिथे 'सापडलं' असं क्रियापद आहे तिथे एक खूण करा, आणि जिथे 'होते', 'मानत', 'पूजत' अशी क्रियापदं येतात तिथे वेगळी. दोन खुणांच्या मध्ये लेखकानं तुम्हाला पायऱ्या दाखवल्या आहेत की उचलून वर नेऊन ठेवलंय, ते बघा. इस्बिस्टरच्या पुस्तकात पायऱ्या कमी आहेत. अहवालात त्या आहेत.

आणि हे माझ्यासारख्यांनाही लागू आहे. पेपरसाठी, ग्रँटसाठी, किंवा पॉडकास्टवर बोलताना आम्हाला एक 'गोष्ट' मागितली जाते. तीन मिनिटांत, पकडून ठेवणारी. 'गरुडांची टोळी' ही तशी फर्स्टक्लास गोष्ट होती. ती सांगू नये असं मी म्हणणार नाही. पण सांगणाऱ्यानं ही गोष्ट कुठल्या हाडावर, कुठल्या पिशवीवर, कुठल्या लेबलवर उभी आहे हेही त्याच दमात सांगावं, आणि ऐकणाऱ्यानं ते मागावं. त्या गरुडांना कुणी आणि का आत नेलं हे आज आपल्याला सांगता येत नाही. पण त्यांची हाडं नीट ठेवलेली आहेत, त्यामुळे तुमच्यापैकी कुणाला तरी उद्या ते सांगता येईल.